दोन मंडलांची मधली भिंत

निंबोळी आणि कासारवाडी या दोन मंडल पंचायतींनी मिळून गरिबांसाठी घरं बांधावीत, असं बीदरच्या साहेबांनी अठ्ठ्याऐंशी साली ठरवलं. कारण सोपं होतं. मोकळं गायरान नेमकं दोघांच्या शिवेवर पडलं होतं, आणि ते एकाला दिलं असतं तर दुसऱ्याला अन्न गोड लागलं नसतं.

दोन्ही पंचायतींचे प्रधान, निंबोळीचे व्यंकटराव आणि कासारवाडीचे अण्णाराव, सहकार्याला लगेच तयार झाले. अट एकच, त्यांच्यापेक्षा आपल्याला कमी नको. म्हणून घरं जोडीजोडीनं आखली. डावं निंबोळीच्या माणसाला, उजवं कासारवाडीच्या, मधली भिंत दोघांत एक. पायाभरणीला नारळही दोन आणले आणि एकदमच फोडले.

शेवटच्या जोडघरात डावीकडे तानुबाई आली, उजवीकडे चांगुणाबाई. तानुबाईच्या सासऱ्याची मेंढरं होती. आता घर रोजगारावर चालायचं. चांगुणाबाईचं घराणं छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेलं, नवरा दगडाच्या खाणीत. दोघींचा जन्म तुराट्यांच्या छपरात गेला होता. आता घरासाठी दोघी स्वतःच चिखल वाहत होत्या. त्यामुळे पलीकडं काय चाललंय ते रोज दिसायचं, आणि दिसलं की जळायचं.

दोघींनीही मधल्याच भिंतीत देवळी मागितली. तानुबाईला बिरोबाचा टाक ठेवायचा होता, चांगुणाबाईला बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो.

"उमाजीदादा, तिच्यापेक्षा एक बोट खोल कर गा," तानुबाई गवंड्याला म्हणाली.

उमाजी व्हय म्हणाला. तो कुणालाही न्हाई म्हणत नसे. दुपारी चांगुणाबाईनं मान वाकडी करून पलीकडं बघितलं.

"कामून? तिचा देव लई जाडा हाय का? माझी दोन बोटं वाढव."

उमाजी त्यालाही व्हय म्हणाला. सकाळी या बाजूनं, दुपारी त्या बाजूनं असा तो दोघींना राजी ठेवत गेला. मग एके दिवशी त्याची छिन्नी तानुबाईच्या देवळीतून शिरली आणि चांगुणाबाईच्या देवळीतून बाहेर आली. भोकाच्या अलीकडं एक तोंड, पलीकडं एक.

"तुझी नजरच लागली गं भिंतीला!" तानुबाई म्हणाली.

"माझी? रोज सकाळी उठून बोटं कोण मोजायलं होतं?"

उमाजी हत्यारं गोळा करून खटकचिंचोळीच्या बाजाराला निघून गेला.

खरी पंचाईत पुढं होती. चार दिवसांनी बीदरहून इंजिनेर दोन्ही प्रधानांना घेऊन तपासणीला येणार होते. ज्या जोडीत खोट निघेल, ती जोडी नापास. घर हातचं जाणार आणि यादीतल्या मागच्या नंबराला मिळणार. मागचा नंबर महादेवीचा. महादेवीला आधीच कौलाचं घर होतं. शिवाय ती अण्णारावांच्या बायकोची बहीण. आठवड्यातून दोनदा नवं लुगडं नेसून ती गायरानावर यायची आणि "माझ्या मेल्या नशिबात कुठं असलं घर," म्हणत दोन्ही घरांतली खोली पावलांनी मोजून जायची.

"ती उरावर बसण्यापेक्षा तू बरी," चांगुणाबाई भोकातून म्हणाली.

"तू काय लई चांगली न्हाईस," तानुबाई म्हणाली. "पण ती नगं."

दोन मंडलांत खरं सहकार्य झालं ते एवढंच. चांगुणाबाईनं तेलाचा रिकामा डबा फोडून पत्रा सरळ केला. तो भोकाच्या मधोमध बसवून दगडाच्या चिपा ठोकल्या आणि दोघींनी आपापल्या बाजूनं चुना फासला. मधोमध म्हणजे कुठं, यावर सकाळ गेली. शेवटी दोघी सारख्याच नाराज झाल्या, तेव्हा पत्रा बरोबर बसला असं ठरलं.

तपासणीच्या दिवशी इंजिनेरांनी दारं बघितली, कौलं बघितली. देवळी बघायचं त्यांच्या मनातही नव्हतं. व्यंकटरावांनी मात्र तानुबाईच्या देवळीत हात घातला.

"आमची दहा बोटं!"

अण्णाराव घाईनं उजव्या घरात गेले. त्यांची आठच भरली. ते घामाघूम झाले. पुन्हा मोजली, तरी आठच.

चांगुणाबाईच्या ध्यानात आलं. पहाटे ती पाण्याला गेली असताना त्या तानुबाई भवानीनं पत्रा इकडं ढकलला होता.

"अक्का, आपली कमी कामून?" अण्णारावांनी विचारलं. "त्यांनी काय केलं सांग. आत्ताच्या आत्ता लिहून घेतो."

दारात इंजिनेर उभे होते. त्यांच्या मागं महादेवी, नव्या लुगड्यात. चांगुणाबाईच्या ओठांवर सगळं आलं होतं. तानुबाईचं कपट सांगावं, भोक उघडं पडावं, दोन्ही घरं जावीत, पण तिची दहा बोटं आधी जावीत. तेवढ्यात महादेवी वाकून चुलीची जागा बघू लागली.

"मीच कमी मागितली, अण्णा," चांगुणाबाई म्हणाली. तिनं आवाज पत्र्याच्या दिशेनं जरा चढवला. "लई खोल देवळीत देव अंधारात बसतोय. ज्याला लपवायचं हाय त्यानं खोल करावी."

पलीकडं काहीतरी आपटलं.

इंजिनेरांनी जोडी पास केली. अण्णाराव मात्र दोन बोटांचं दुःख घेऊन जीपमध्ये बसले आणि व्यंकटरावांशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईनं बघितलं, तर तिची देवळी दहा बोटं झाली होती. बिरोबा अंधारात नको म्हणून तानुबाईनं पत्रा आपल्या बाजूला ओढून घेतला होता.

चांगुणाबाईनं देवळीत हात घालून पुन्हा मोजलं. दहा बोटं मिळाली होती, पण ती तानुबाईला नको झालेली होती. मग तिनं मूर्ती आणि फोटो बाहेर काढले, पदर खोचला, आणि पत्रा दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढायला सुरुवात केली.

"काय करायलीस गं?" पलीकडून आवाज आला.

"उजेड करायले," चांगुणाबाई म्हणाली. "तू सोड."

पत्रा दोन्हीकडून ताणलेलाच राहिला.