अर्थ लिहा

वाशीमकडच्या मालेगावच्या टेलिफोन एक्सचेंजमागे बोरीच्या झाडाखाली एक खड्डा होता. वर फरशी, खाली पुरलेली तांब्याची पट्टी, आणि पट्टीभोवती कोळसा अन् मीठ. उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत झाली की लाइनमन धरमसिंग राठोड फरशी सरकवायचा, मिठाचं पोतं फोडून आत ओतायचा आणि वरून आठ-दहा बादल्या पाणी घालायचा. एक्सचेंजची जमिनीशी गाठ पक्की राहिली पाहिजे. वीज कोसळली तर ती या खड्ड्यात जिरली पाहिजे, बोर्डावर जाता कामा नये. बावीस वर्षं तो हे करत आला होता. मीठ सरकारी, कोळसा सरकारी, घाम त्याचा.

आणि गेली तीन वर्षं त्याच्या घरात त्याची बायको गोमतीबाई आळणी जेवत होती.

ती पोहरादेवीला नवस बोलून आली होती. यांना परीक्षेचा कागद मिळेपर्यंत मिठाला हात लावीन तो फक्त दुसऱ्यांच्या ताटासाठी. वरण शिजलं की आधी स्वतःपुरतं वाटीत काढून ठेवायची, मग बाकीच्यात मीठ टाकायची. बोलून दाखवायची नाही, तोंड वाकडं करायची नाही. तिची ती वाटी चुलीजवळ निमूट बसलेली दिसली की धरमसिंगच्याच घशाखाली घास उतरायचा नाही.

कागद हवा होता तो गुडघ्यासाठी. बावीस वर्षं खांबांवर चढून-उतरून उजवा गुडघा पार कामातून गेला होता. जिना चढताना आतून खडखड आवाज यायचा. त्यात बातमी आली की आधी वाशीमला आणि मग मालेगावलाही ऑटोमॅटिक यंत्र बसणार. बोटाने चकती फिरवली की नंबर आपोआप लागणार. त्या यंत्राजवळ, सावलीत, खुर्चीवर बसून काम करायचं. पण ज्याच्याकडे खात्याच्या परीक्षेचं सर्टिफिकेट त्यालाच. बाकीच्यांची रवानगी नव्या लाइनी टाकणाऱ्या टोळीत व्हायची होती. तंबूत राहायचं, जंगलातून खांब वाहायचे. परीक्षेला तीनदाच बसता येत होतं. दोनदा बसून झालं होतं.

१९७४च्या जानेवारीत तिसऱ्यांदा बोलावणं आलं, वाशीमला. सकाळी गोमतीबाईने भाकरी-ठेचा फडक्यात बांधून दिला आणि त्याच्या गुडघ्यावर पट्टी आवळली.

"घाई नका करजा. सवाल दोनदा वाचजा," ती म्हणाली.

"तीन साल झाले तुह्या आळणीले," तो म्हणाला. "आज इकडं का तिकडं, होऊन जाईन. काई झालं तरी रातच्याले मीठ खाजो."

"काई झालं तरी कसं? देवीले मी कागद म्हणून बोलली," ती म्हणाली आणि आत गेली.

एस.टी.च्या खिडकीतून तो खांब बघत राहिला. सवयच होती. बारा नंबरचा वाकडा, बैलगाडीने ठोकलेला. एकोणीसवर सुगरणीची घरटी. सत्तेचाळीसचा इन्सुलेटर दर वर्षी फुटायचा, कारण शेजारच्या ज्वारीत माळ्यावरून पाखरं हाकलणाऱ्याची गोफण. कुठला खांब कधी आजारी पडतो हे त्याला घरच्या माणसांसारखं ठाऊक होतं. खांबाला कान लावला की तारेच्या गुणगुणण्यावरून सांगायचा, पुढे काय झालंय. नव्या यंत्रात म्हणे दोष आला की लाल दिवा लागतो. लागू दे बापा. दिव्याला गोफणीचा पत्ता थोडाच माहीत असतो?

पण हे सगळं त्याच्या मनात रागानं येत नव्हतं. आताशा राग यायलाही जोर लागायचा.

वाशीमला एका शाळेच्या वर्गात अकरा लाइनमन बसले. वर्गातली बाकं लहान पोरांची, त्यामुळे गुडघा कुठं ठेवावा ते कळेना. पहिला प्रश्न तारांच्या मापांचा होता. तो जमेल तसा लिहिला. दुसरा प्रश्न चाळीस मार्कांचा. त्याने बायकोचं ऐकून दोनदा वाचला :

'खालील दहा शब्दांचा अर्थ लिहा.'

खाली शब्द होते. इन्सुलेटर, ताण, जोड, ब्रॅकेट, फ्यूज, असे दहा.

धरमसिंगला एकदम हलकं वाटलं. लाइनीला आजार चारच. तार तुटली की 'डिस', दोन तारा चिकटल्या की 'शॉर्ट', दुसऱ्याचं बोलणं आपल्यात आलं की 'कॉन्टॅक्ट', आणि तार कुठंतरी जमिनीला लागली, आवाज मातीत उतरायला लागला, की 'अर्थ'. चौघांत अर्थ सगळ्यात चिवट, आणि अर्थ शोधण्यात धरमसिंगचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. तोच विचारला होता! चाळीस मार्कांना!

तो लिहीत सुटला. इन्सुलेटरचा अर्थ : गोफणीच्या दगडानं चीर पडते, कोरड्यात कळत नाही, दव पडलं की अर्थ येतो, सकाळी आठपर्यंत राहतो, ऊन चढलं की जातो, म्हणून सकाळीच जावं. ताणाचा अर्थ : म्हैस खांबाला आवळून धरणाऱ्या ताणाच्या तारेला अंग घासते, ताण सैल होऊन वरच्या तारेला टेकतो. शेण आणि केस दिसले तर दुसरीकडे शोधू नये. फ्यूजचा अर्थ : मालेगावात शिखरचंद शेठच्या घरी पानाबाई फ्यूजपाशी येणाऱ्या फोनच्या तारेवर ओलं लुगडं वाळत घालतात, त्यानं अर्थ येतो. बाईंना रागावू नये, अंगणात वेगळी दोरी बांधून द्यावी. दहाच्या दहा शब्दांचा अर्थ त्याने लिहिला. पुरवणी मागून घेतली. इतक्या वर्षांत कुणी त्याला हे विचारलंच नव्हतं.

बाहेर चहाच्या टपरीवर कारंज्याकडचा हरिसिंग लाइनमन भेटला. बोलण्यात एक नंबरचा वात्रट.

"काय भौ, पुरवणी? कादंबरी लिहून आला काय?"

"दुसरा सवाल लय सोपा होता," धरमसिंग म्हणाला. "दहाचाबी अर्थ लिहिला. ताणावर अर्थ कसा येते ते तं पुरं पानभर."

हरिसिंगने बशी तोंडापाशीच थांबवली. "अर्थ कसा येते?"

"हो. म्हैस अंग घासते..."

"म्हैस!" हरिसिंगच्या नाकातून चहा आला. "अरे माह्या बाप्पा, अर्थ म्हंजे मतलब रे! ताण म्हंजे काय, त्याचा मतलब लिहा, असं इचारलं होतं. तू त्याहिले म्हैस सांगून आला?" तो हसून हसून टपरीच्या खांबाला टेकला. धरमसिंगचा चेहरा दिसला तेव्हा हळूहळू थांबला. बशी खाली ठेवली.

"तिसरी बारी होती नं तुही?"

धरमसिंग बाकड्यावर बसून गुडघ्याची पट्टी सारखी करायला लागला.

"हे पाह्य," हरिसिंग जवळ सरकून म्हणाला, "चार वाजता तोंडी हाय. साहेबाले सांग, मतलब मले येतच होता, पण जादा माहिती द्यावं म्हणून मुद्दामच लिहिलं. बेधडक सांग. कोण पाह्यते?"

तोंडी परीक्षेचे साहेब नागपूरहून आले होते. चष्मा कपाळावर, समोर लाल रेघांनी भरलेल्या उत्तरपत्रिका. तेही थकलेले दिसत होते. धरमसिंगची वही त्यांनी वेगळी काढून ठेवली होती.

"राठोड, बसा. हे तुम्ही काय लिहिलंय? प्रश्न कळला नव्हता, की मुद्दाम?"

हरिसिंगचं वाक्य ओठांवर आलं होतं. त्याला चुलीजवळची वाटी दिसली. कुणी पाहत नसतानाही त्या वाटीत तीन वर्षांत कधी चिमूटभर मीठ पडलं नव्हतं.

"कळला नव्हता साहेब," तो म्हणाला.

"अर्थ म्हणजे काय, हे शाळेत शिकला असाल ना?"

"शिकलो होतो. सातवी पास हाय मी. पण आमच्याइकडं त्याले मतलब म्हंतात साहेब. अर्थ हा शब्द बावीस साल मी फक्त तारीवरच आयकला."

साहेबांनी चष्मा खाली ओढला. "बरं. मग तुमचा अर्थ येतो म्हणजे नक्की काय होतं, ते सांगा."

"बोलणं निघते साहेब, पण पोचत नाई. मधात कुठीतरी मातीत जिरते. बोलनाऱ्याले वाटते, समोरचा भयरा झाला. समोरच्याले वाटते, हा मुद्दाम हळू बोलून राह्यला. मंग दोघंबी वरडतात. गलती दोघायचीबी नसते."

खिडकीबाहेर शाळेची घंटा झाली. साहेबांनी वहीचं पान उलटलं.

"पण एक्सचेंजला तर अर्थ लागतोच," ते म्हणाले.

"लागते साहेब. तो चांगला अर्थ. त्याले खड्डा करून जपा लागते. कोळसा, पाणी, अन्..." धरमसिंग अडला. "अन् मीठ."

साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. मग सरळ सांगितलं : "तोंडी परीक्षेत मी तुम्हाला पुरे मार्क देतोय. लेखीत मात्र चौतीस आहेत. चाळीस लागतात. न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराला मला मार्क देता येत नाहीत. लेखीत नापास तो नापास, असा नियम आहे."

"हो साहेब."

"ही मूळ वही निकालाबरोबर नागपूरला जाईल, आणि कपाटात पडून राहील. मात्र दुपारी मी टायपिस्टकडून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची नक्कल करून घेतलीय. एक माझ्याजवळ राहील. एक मालेगाव एक्सचेंजला लावा. नवीन पोरं यंत्र शिकून येतील, पण म्हशीचं त्यांना कोण सांगणार?" त्यांनी पाच टाइप केलेली पानं पुढे केली. खाली 'सत्यप्रत' असा गोल शिक्का, सही, तारीख. वर नाव : धरमसिंग राठोड, लाइनमन, मालेगाव.

त्याने पानं घडी करून खिशात ठेवली, नमस्कार केला आणि एक-एक पायरी उतरला. परतीच्या एस.टी.त त्याने एकही खांब पाहिला नाही.

घरी पोचला तेव्हा गोमतीबाई भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. त्याच्या चालण्यावरूनच कळलं असावं.

"सवाल दोनदा वाचला होता," तो उंबऱ्यावर बसत म्हणाला. "दोनदाबी तसाच दिसला." आणि मग सगळं सांगितलं, अर्थ, मतलब, म्हैस. म्हशीपाशी तिला हसू आलं, तिने ते पदरात लपवलं.

"आता चौथी बारी नाई," तो म्हणाला. "टोळीत जा लागीन. तू कायले आळणी खाऊन राह्यली मंग? आता तो कागद जन्मात येत नाई."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "अन् मंग खिशात काय हाय?"

"ते? मी जे गलत लिहिलं, त्याची नक्कल."

"दाखवा."

हात पुसून तिने पानं घेतली. तिला वाचता येत नव्हतं. शिक्क्याच्या गोलावरून तिने बोट फिरवलं.

"सरकारी शिक्का हाय हा?"

"हाय."

"साहेबाची सई?"

"हाय."

"नाव तुमचंच?"

"माहंच. पण गोमती, हे सर्टिफिकीट नोहे. हे..."

"थांबा." ती इतक्या हळू बोलली की चुलीचा आवाज मोठा वाटला. "मी देवीले म्हटलं, यायले परीक्षेचा कागद मिळू दे. सर्टिफिकीट शब्द मले तवा येतच नव्हता. परीक्षेतून आला, तुमच्या नावाचा हाय, त्याच्यावर सई-शिक्का हाय. मी मांगितला तोच कागद हाय हा. साहेबानं एक मतलब काढला असन, देवीनं दुसरा. तिच्याशी मी काहून भांडू?"

तिने ती पानं देवापुढे ठेवली, हात जोडले. बराच वेळ डोळे मिटून बसली. मग चुलीपाशी येऊन मडक्यातलं चिमूटभर मीठ आपल्या वाटीत टाकलं, बोटाने ढवळलं आणि एक घोट घेतला. तिचे डोळे पाण्याने भरले.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं.

"खारट लागून राह्यलं," ती म्हणाली. "लय खारट."

 बदलीचा हुकूम यायला महिना लागणार होता, आणि उद्या सकाळी आठच्या आत, दव असतानाच, सत्तेचाळीस नंबरवर चढायचं होतं. तो गुडघ्याची पट्टी सोडायला लागला, तर गाठ सुटेना. गोमतीबाईने तवा उतरवला नाही. मडक्यातलं ओंजळभर मीठ काढून तव्यावर परतलं, फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी केली, आणि त्याचा हात बाजूला सारून गाठ स्वतः सोडली.

"पाय लांब करा," ती म्हणाली, आणि गरम मीठ त्याच्या गुडघ्यावर दाबून धरलं.