बारवेच्या पाटीवरचं साल

किसनरावांना पाटीचा भारी नाद. गोठ्याला पाटी, ट्रॅक्टरला पाटी. देवळातल्या घंटेवर तर नाव एवढं मोठं, की वाजवणाऱ्याला आधी किसनराव दिसावेत आणि जागा उरलीच तर देव.

हिंगोली नवा जिल्हा झाला त्या उन्हाळ्यात, म्हणजे १९९९ साली, त्यांनी स्वखर्चानं गावाबाहेरच्या बारवेतला गाळ काढला. बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. तिच्या एका अंगाला किसनरावांची हळद, दुसऱ्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा. चार हात गाळाखाली एक दगड उघडा पडला. त्यावर कोरलं होतं, ‘सन १३०९’. ना नाव, ना गाव.

नाव नाही म्हटल्यावर किसनरावांनी ती उणीव लगेच भरून काढली. आठवड्यात पाटी लागली: ‘किसनरावांच्या पूर्वजांनी सन १३०९ मध्ये बांधलेली बारव’. पाटीमागून लोखंडी दरवाजा आला. कुलूप मात्र खिशातच ठेवलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला की लावायचं, असं ठरलं. माणूस रीतीभातीचा, हे त्यांच्या जमेला लिहिलंच पाहिजे.

तांड्यावरचा हातपंप होळीपर्यंत टिकत नाही. पुढं पावसाळ्यापर्यंत सगळा तांडा बारवेवर. कुलूप लागलं तर बायकांना दीड कोस चालून ओढ्यात झिरा उकरायचा. म्हणून तांड्यावरची जमनाबाई पाटीसमोर येऊन उभी राहिली आणि किसनरावांना म्हणाली, “पाटील, बारव आमच्या मोतीबाईनं खांदली. हवेलीत हाय तसं.”

हवेली म्हणजे तांड्यावरची नवरी सासरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून, दोन्ही हात वर करून म्हणते ते गाणं. बापाच्या तांड्याचं सगळं भलं त्यात आठवायचं असतं. ह्या तांड्याच्या हवेलीत एक कडवं जास्तीचं आहे: छप्पनच्या काळात, म्हणजे दुष्काळात, बैल बसले, मोतीबाई उठली, मिठाच्या गोण्यांत माती भरून तिनं पाणी वर आणलं.

किसनरावांचा पुतण्या वैजनाथ तिथंच होता. तो मांडीवर थाप मारून हसला. “छप्पन? आवो मावशी, छप्पन साली माझा बाप ह्याच बारवेत उड्या मारत व्हता! तुमची मोतीबाई काय त्याच्या पायाखाली खांदत व्हती काय?”

जमलेली माणसं हसली. जमनाबाई खाली मान घालून तांड्यावर गेली. छप्पन म्हणजे कोणतं, हे तिलाही सांगता येईना.

तिची नात मिना हिंगोलीच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी. ए. करत होती. पोरगी भांडायला येईल असं सगळ्यांना वाटलं. तिनं उलट दादीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. “दादी, खरं सांग. हे कडवं भांडणासाठी तर जुळवलं न्हाई ना?”

“तोंड काळं कर!” दादी म्हणाली, आणि चुलीकडं वळली.

मिनानं तोंड काळं केलं ते एस.टी.नं. हट्ट्याकडच्या एका तांड्यावर जमनाबाईची नणंद बेबीबाई दिलेली होती. लग्न होऊन पन्नासच्या वर वर्षं झालेली, माहेर तुटल्यात जमा. मिनानं बारवेचा, कुलपाचा, किसनरावांचा एक शब्द काढला नाही. चहा पिऊन नुसतं म्हणाली, “आत्याआजी, तुमची हवेली म्हणा ना.” म्हातारी लाजली, मग बाजेवर उभी राहिली, हात वर केले आणि म्हटली. छप्पनचा काळ, बसलेले बैल, मिठाच्या गोण्या. सगळं बराबर तेच.

येताना मिनाला बसायला जागा मिळाली होती, तरी ती बसली नाही, असं कंडक्टर नंतर सांगत होता.

ग्रामसभा शाळेत भरली. किसनराव तयारीनं आले होते. पाटी होतीच, शिवाय हिंगोलीहून वाचून आणलेलं निजामाच्या काळातलं उर्दू खरेदीखत. “ह्यात साफ लिहिलंय. माझ्या आजोबांनी बारवेजवळची जमीन सन १३२५ फसलीला घेतली.”

मिना उठली. “काका, आजोबाच ना? सख्खे?”

“मग काय भाड्याचे?”

“म्हणजे तेराशे पंचवीस ते आज, पावणेसातशे वर्षांत तुमच्या घरात तीनच पिढ्या. काय खात होते हो आजोबा?”

सभेत हशा पिकला. किसनरावांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. तेवढ्यात मागून ग्यानबा काठी आपटत उठला. हा गावातला जुना सालगडी, ऐकायला कमी, पण मोक्याच्या गोष्टी ऐकू येतात.

“ओ सरपंचबाई! माझा जलम तेराशे एकेचाळीसचा. माझी माय असंच सांगायची. मग मी काय भूत हाव?”

“वय किती तुमचं, बाबा?” मिना ओरडलीच.

“अडुसष्ट.”

मिनानं खडू उचलला. १३४१, त्यात ५९० मिळवले, १९३१. “बराबर अडुसष्ट! निजामाच्या राज्यात साल फसली चालायचं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन. आपण ते विसरलो. आता दगडाचं बघा.” १३०९ आणि ५९०. तिचा खडू मोडला, दुसरा घेतला. १८९९.

“आणि छप्पन?” सरपंच मंजुळाबाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या.

“आमचा भाट राजस्थानातून येतो, वंशावळ संवतात सांगतो. संवत एकोणीसशे छप्पन. सत्तावन्न वजा करा.”

वर्गातली शाळकरी पोरंच आधी ओरडली, “अठराशे नव्व्याण्णव!”

“तेच साल!” मिनाचा आवाज फाटला. “दगड चार हात गाळाखाली व्हता. काकांनी काढेपर्यंत कुणी पाहिला न्हाई. आणि गाणं पन्नास वर्षांपूर्वी हट्ट्याला गेलं, त्याला भांडण माहीत न्हाई. दगड गाण्याला ओळखत न्हाई, गाणं दगडाला, तरी दोघं एकच साल सांगून राहिले! आन् आजोबा आले त्याच्या सोळा वर्षांनी.”

वैजनाथ म्हणाला, “पण खांदली मोतीबाईनंच, हे दगडावर कुठं हाय?”

“न्हाई,” मिना म्हणाली. “ते फक्त गाण्यात हाय. पण ज्यानं साल खरं सांगितलं, त्याच्या नावावर मी इश्वास ठेवते. तुमच्या बाजूनं काय हाय ते तुमी दाखवा.”

वैजनाथनं काकांकडं पाहिलं. काका फळ्याकडं पाहत होते. एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे यंदा शंभर वर्षं झाली की! शताब्दी! पाटी मी करतो.”

दरवाजा निघाला. बारव सगळ्यांची, असा ठराव लिहिला गेला. नवी पाटी लागली त्या दिवशी जमनाबाईनं मिनाला विचारलं, “मोतीबाई कोणतं?” मिनानं दाखवलं. म्हातारीनं त्या अक्षरांवर तळवा ठेवला.

“आन् हे खालचं, तिच्याहून मोठं?”

“सौजन्य, किसनराव.”

“असू दे, गाळ त्यानंच काढला,” जमनाबाई म्हणाली. “पण शंभर वर्षांनी कुणी म्हणंल, ह्यानंच खांदली. पाटीचं साल येगळं लिव, बारवेचं येगळं. आन् साल कोणतं, फसली का संवत, ते बी लिव!”