न तापवलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. बोटाएवढ्या पात्यांची, ऑर्किडचे देठ कापण्यासाठी घडवलेली. कारखान्यात मला भट्टीत लाल केले, तेलात बुडवले, दगडावर घासले. एवढे सोसल्यावर निदान शहाण्या हातात पडावे, अशी माझी माफक अपेक्षा होती. मी पडले सरांच्या हातात.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या बाल्कनीत ऑर्किडच्या बेचाळीस कुंड्या होत्या आणि इमारतीत त्यांचा शब्द प्रमाण होता. कुणाचे झाड आजारी पडले, की मला खिशात खोचून सर निघत आणि उंबऱ्यातूनच निदान सांगत, "पाणी कमी पडतंय!"

ऑर्किडची मुळे रुपेरी दिसली तर झाड तहानलेले असते, हिरवी असली तर तृप्त, आणि तपकिरी, मऊ झाली तर सडत चाललेले. झाड बिचारे अंगावर सगळे लिहून ठेवते. पण सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला लावले होते, स्वतः वाचण्याची सवय कुठली? दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या झाडाची मुळे सडली होती. सरांच्या सल्ल्याने त्यांनी आणखी पाणी घातले. झाड गेले. सर म्हणाले, "मूळचंच कमकुवत होतं."

बेचाळिसांतले एक जांभळे झाड सरांच्या पत्नीचे. त्या जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांची मुलगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करी. रोज कामावर निघण्याआधी ती त्या झाडापाशी दोन मिनिटे उभी राही. आईच्या हातचे, अजून वाढणारे असे घरात तेवढेच उरले होते.

एकदा सरांनी प्रदर्शनातून नवे झाड आणले. पानांवर खोलगट काळे पट्टे. नवे झाड महिनाभर इतरांपासून लांब ठेवावे, हे कुठल्याही माळ्याला कळते. सरांनी ते मिरवायला बरोबर मध्यभागी ठेवले. माझ्याकडून त्याचे एक पान कापून घेतले, मला पँटला पुसले आणि जांभळ्या झाडाच्या वाळक्या दांड्याकडे वळले.

"बाबा, थांबा! आधी कात्री गॅसवर तापवा. त्या झाडाचा रस लागलाय तिला."

"पुसली की."

"पँटला? आमच्याकडे कुणी सुई पँटला पुसून दुसऱ्याला टोचली, तर चालेल तुम्हाला?"

"तू माणसांचं बघ. तुझ्या जन्माआधीपासून झाडं कापतोय मी."

कच्च! माझ्या पात्यांवर काय होते ते मला ठाऊक होते, पण कात्रीला विचारतो कोण?

दोन महिन्यांनी जांभळ्या झाडावर तेच पट्टे उमटले. सरांनी खत घातले, मग चहाचा चोथा, मग अंड्यांची टरफले. अज्ञानाला उपायांची कधी टंचाई नसते. शेवटी मुलीने पानाचा तुकडा द्रावणात घोटला आणि त्यात तपासणीची पट्टी बुडवली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"विषाणू आहे, बाबा. याला औषध नाही."

बुरशी असती, तर सडका भाग कापून दालचिनीची पूड लावता आली असती. खवले किडे असते, तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसता आले असते. इथे सगळे झाडच टाकावे लागते. मुलीने कुंडीसकट झाड पिशवीत घातले आणि घट्ट गाठ मारली. नवे झाडही तसेच बांधले. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. धूतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वयंपाकघराचे दार लोटून मला गॅसवर धरले. दोन्ही पाती, अगदी खिळ्यापर्यंत. मला वाटले, आले शहाणपण! तेवढ्यात तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई आल्या.

"सर, बाईंचं जांभळं झाड दिसत नाही ते?"

सरांनी मला पाठीमागे लपवले. "थंडीनं गेलं."

"अगंबाई! मग मीही खिडक्या लावूनच घेते. तुमच्या त्या नव्या झाडाचा फुटवा मागे माझ्या कात्रीनं कापून नेला होता ना मी, तो मस्त लागलाय. आज त्याच कात्रीनं बाकीच्या कुंड्या छाटायला घेते."

एका बाईची सगळी झाडे मरणार, हे समोर दिसत असूनही सरांना आपली अब्रू सुकेल याचीच धास्ती.

आतून मुलगी आली. "थंडीनं नाही हो, मावशी. बाबांनी न तापवलेल्या कात्रीनं कापलं, म्हणून गेलं. तुमची कात्री कुठल्याच झाडाला लावू नका. तो फुटवा पिशवीत बांधा. मी आलेच तपासणीची पट्टी घेऊन."

बाई सरांकडे बघत राहिल्या. सर खिडकीकडे.

मित्रांनो, कात्री दोन्ही बाजूंनी तापवायला अर्धे मिनिट लागते, आणि गार व्हायला थोडा वेळ. तेवढा वेळ प्रत्येक झाडाला द्या. "माझं चुकलं" म्हणायला तर त्याहून कमी वेळ लागतो. सरांना अजून तो मिळालेला नाही. तुमच्या हातून झाड मेले, तर ते कशाने मेले हे शेजाऱ्यांना खरे सांगा. नाहीतर माझ्यासारख्या कात्र्या हातातसुद्धा धरू नका.