मृत्यू कशाने

परभणीच्या त्या जुन्या पेपरात आतल्या पानावर रोज ‘स्मरण’ छापायची पद्धत होती. त्या तारखेला जिल्ह्यातला जो पुढारी किंवा पत्रकार गेला असेल, त्याचा फोटो, चार ओळी आणि शेवटी एका वाक्यात तो कशाने गेला ते. फोटो सगळ्यांचे सारखे. आमदाराला मोठा आणि वार्ताहराला लहान असं नाही.

हे पान भक्ती बघायची. उद्याच्या पानावर दोन फोटो शेजारी शेजारी आले होते. एक माजी आमदार दत्तराव. त्यांचा हा पहिलाच स्मृतिदिन. दुसरे लिंबाजी, भक्तीचे वडील, याच पेपरचे वार्ताहर. दत्तरावांच्या वाळूच्या ट्रकांविषयी लिहिलं म्हणून त्यांना देवगाव फाट्यावर, भर दिवसा, चहाच्या टपरीसमोर गजाने मारलं होतं. बघणारे पुष्कळ होते. कोर्टात एकही बोलला नाही. आरोपी सुटले. तेव्हापासून दरवर्षी फोटोखाली तेच वाक्य येई : देवगाव फाट्यावर मारहाणीत मृत्यू. भक्तीच्या हातात तेवढंच उरलं होतं.

जाहिरात विभागातल्या कुणीतरी पानाचा फोटो दत्तरावांच्या मुलाला, महारुद्रला पाठवला. दुपारचा चहा व्हायच्या आत तो चौघांना घेऊन हजर झाला. संपादक नांदेडला गेलेले. आत भक्ती आणि संगणकावर पेपराची पानं लावणारा रामहरी, दोघंच.

“भक्तीताई, रामराम. बापाला बापाशेजारी बशीवलंय व्हय? बरं केलं. फक्त ते खालचं वाक्य काढा. ‘अपघाती निधन’ लिवा.”

“ते वाक्य दरवर्षी छापतो आम्ही.”

“दरवर्षी बाजूला आमचा फोटो नव्हता ना!”

भक्ती उठली नाही. महारुद्रने मान हलवली तशी एका पोराने गज फिरवला. पहिला मॉनिटर फुटला, मग दुसरा. काचा भक्तीच्या मांडीवर सांडल्या. रामहरी मधे पडला तेव्हा त्याच्या कानाखाली अशी बसली की चष्मा भिंतीवर आपटला.

“ए म्हाताऱ्या, तुला काय पडलंय?”

“लिंबाजीच्या बातम्या मी लावलेल्या हायेत, तुझ्या बापाच्या बी.”

दोघांनी त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. महारुद्रने स्वतः गज घेतला. हाड मोडल्याचा आवाज भक्तीला स्पष्ट ऐकू आला. रामहरीची किंकाळी त्याच्यानंतर आली.

“आता दुसरा घेऊ का ताई?”

एकच संगणक शाबूत ठेवला होता, मुद्दाम. भक्तीने वाक्य खोडलं, ‘अपघाती निधन’ लिहिलं आणि महारुद्रच्या देखत पान छापखान्यात पाठवलं. जाताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शहाणी हायेस. बापासारखी न्हाईस.”

भक्तीने रामहरीला रिक्षाने दवाखान्यात नेलं. तिथे एक्स-रे निघाला, कच्चं प्लास्टर झालं, आणि बाकावर बसल्यावर तो म्हणाला, “काय केलंस पोरी?”

“काका, त्यांनी दुसरा हात मोडला असता.”

“मोडू द्यायचा की. माझा हात जुळून यील. उद्या लोकं वाचतील, लिंबाजी अपघातात गेला. आजवर त्याच्या मारेकऱ्यांला जे जमलं न्हाई, ते तू करून दिलंस.”

भक्तीच्या ओठाला काच लागून रक्त आलं होतं. तिने ते पुसलं.

“बदललं तर ते परत येतील.”

“येतीलच. आज ऐकलंस म्हणून उद्या यायचे राहणार हायेत का?”

तिने छापखान्यात फोन लावला. पलीकडे छपाई बघणारा सिद्धोधन होता. मशीन अजून सुरू व्हायचं होतं.

“स्मरणाचं पान थांबव. लिंबाजींच्या खालचं वाक्य बदलायचं. लिहून घे : देवगाव फाट्यावर मारहाणीत मृत्यू. पुढे लिही, हे वाक्य काढावं म्हणून काल दत्तरावांचे चिरंजीव महारुद्र यांनी या कार्यालयात येऊन…” ती थांबली. “काका, तुमचं नाव घालू?”

“मंग कुणाचं घालतीस?”

“…येऊन पान लावणारे रामहरी यांचा हात मोडला.”

“मनगट,” रामहरी म्हणाला. “उजवं. नीट सांग त्याला.”