घराखालचा वारा

"परत अडलं मेलं," कुन्नेय दारापलीकडून पुटपुटली. मग जरा मोठ्यानं, "आत्या, लाथ घाला. लाजू नका, आम्ही सगळे तेच करतो."

मी लाथ घातली. दार कुरकुरत उघडलं आणि मी दुधाची बरणी सांभाळत आत गेले.

बर्फ विरघळायला लागल्यापासून ते दार चौकटीला घासत होतं, आणि त्याचं कारण घरात प्रत्येकाकडे तयार होतं. माझा भाचा, कुन्नेयचा नवरा एर्खान म्हणायचा, लाकडाला ओल लागली. त्यानं दार खालून तासलं, मग वरून तासलं. त्याचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ स्पिरिदोन, बिजागऱ्यांना नावं ठेवायचा. मी म्हणायचे, वसंतात आमच्याकडे काय धड असतं? हिवाळाभर फुगलेली जमीन कुंपणाचे खांब वर ढकलून देते, तळघरात पाणी भरतं, रस्ता ट्रॅक्टर गिळतो. तिथे एका दाराचं काय घेऊन बसलात. असं आम्ही बोलायचो आणि बोलताना एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

हे घर दादानं स्वतः बांधलेलं. लार्चच्या ओंडक्यांचं, जमिनीपासून गुडघाभर वर, खांबांवर उभं. आमची जमीन खाली खोलवर कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो. त्या गोठलेल्या जमिनीनंच घर धरून ठेवायचं, म्हणून तिला घराची ऊब लागू द्यायची नाही, खालून वारा खेळता ठेवायचा. निम्म्या गावाला हे दादानंच शिकवलं. कुणी घराखाली चार सरपणाची लाकडं जरी सारली तरी तो ओरडायचा, "अरे, घराचं नाक दाबू नका."

आणि मग मागच्या वर्षी ऐन जानेवारीत दादाची नात आय्ता जन्मली. कुन्नेय शहरातली, गरम नळांच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. ती एकदा, एकदाच, हसत म्हणाली, "बाबा, या फरशीवर पाय ठेवला की टाळूपर्यंत थंडी जाते हो. बाळ रांगणार कुठे?"

दुसऱ्या दिवशी दादा घराखाली फळ्या ठोकत होता. चहूबाजूंनी. वरून माती आणि शेण लिंपलं, हात अगदी सुजेपर्यंत. त्या फरशीवर आय्ता अनवाणी रांगली. दादा भिंतीला टेकून तिच्याकडे बघत बसायचा, जेवणसुद्धा विसरायचा. उन्हाळ्यात फळ्या काढायला हव्या होत्या. "चालायला लागू दे, मग काढतो," म्हणाला. ती चालायला लागली. दुसरा हिवाळाही तसाच गेला. त्याला सांगणार कोण? ज्यानं शिकवलं त्यालाच?

तर त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो. कुन्नेयनं माशाचं सार वाढलं. माझ्या वाडग्यात सार एका बाजूला काठाला टेकलं होतं, दुसऱ्या बाजूला बोटभर खाली. मी वाडगा फिरवला. सार पुन्हा त्याच बाजूला कललं, खिडकीकडे.

"गरम आहे का, आत्या?" एर्खाननं विचारलं. त्यानं मला वाडगा फिरवताना पाहिलं होतं.

"आहे थोडं."

दादानं पावाचा एक तुकडा मोडला आणि आपल्या वाडग्याखाली सारला. जन्मापासून असंच जेवत आल्यासारखा तो चमचा उचलून जेवू लागला.

तेवढ्यात खालून आवाज आला. मोठा नाही. चिखलात रुतलेला बूट उपसून काढावा तसा. फरशी एकदा बसली. चुलीच्या लिंपणावर एक भेग खालून वर सरसरत गेली आणि मिठाच्या भांड्यात लाल माती पडली. खिडकीची काच तडकली. कुणीच हललं नाही. आय्ता तेवढी भेगेकडे बोट दाखवून हसली. मी चमचा पुसला आणि वाडग्याशेजारी नीट सरळ ठेवला. का, ते मला आजही सांगता येत नाही.

एर्खान पहार घेऊन बाहेर गेला, मी त्याच्या मागे. त्यानं एक फळी उचकटली. आतून उबदार, कुबट वाफ तोंडावर आली. जिथे दगडासारखी जमीन असायची तिथे काळं पाणी होतं. कोपऱ्यातला खांब घराला लोंबकळत होता, त्याच्या पायाखाली काहीच नव्हतं. एर्खाननं मासेमारीची लांब काठी आणून पाण्यात घातली. काठी गेली, गेली, त्याचा हात कोपरापर्यंत बुडाला तरी टेकली नाही. तो तसाच ओणवा राहिला.

"छपराचं पाणी असेल," तो म्हणाला.

"असेल," मी म्हणाले.

आत दादा जागचा हललाही नव्हता.

"काय दिसलं?"

"पाणी आहे थोडं," एर्खान म्हणाला. "वसंतात असतंच."

"हो, असतंच की. संध्याकाळी उपसून टाकू." दादा स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. "आणि ती बिजागरी पण बदलू. तिच्यामुळेच सगळं."

पुन्हा काहीतरी करकरलं, या वेळी तुळईत.

कुन्नेय उठली. तिनं आय्ताला कोट चढवला, टोपी बांधली आणि तिला माझ्या कडेवर दिलं. मग दादाचे बूट आणले, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याचा एक पाय उचलून बुटात घातला. सासऱ्याला असं कुणी करत नाही आमच्यात. दादानं पाय मागे घेतला नाही.

"कुठे निघालो आपण?" त्यानं विचारलं.

"आत्यांकडे."

"जेवण तरी होऊ दे. दाराचं एवढं काय, मी उद्या..."

"बाबा," कुन्नेय म्हणाली. तिनं दुसरा बूट हातातच धरला होता आणि आवाज अजिबात चढवला नव्हता. "घर बुडतंय. तुम्ही खालचा वारा बंद केलात, म्हणून बुडतंय."