दाबा जी

मारोतरावांच्या खामल्याच्या घरात दाखवण्यासारखं बरंच होतं, पण प्रत्येक गिऱ्हाईक आधी परसातली मोटर बघायचं. विहिरीत, पाइपाच्या तोंडाशी बसवलेली झडप गळकी होती. पाइपातलं पाणी खाली उतरून जायचं. मोटर लावायची तर आधी तिला तांब्याने पाणी पाजायचं, आणि ते काठोकाठ भरलं की त्याच क्षणी बटन दाबायचं. बटन स्वयंपाकघरात. म्हणजे माणसं दोन हवीत. सव्वीस वर्षं त्यांची बायको सत्यवतीबाई पाणी ओतत आणि ओरडत, "दाबा जी!"

त्या गेल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून मारोतराव बादलीनं पाणी शेंदत होते. आता खांदा वर होईना. घर विकून भिलाईला मुलीकडे जायचं ठरलं होतं, पण दोन गिऱ्हाइकं कोरडा नळ बघून परतली होती.

तिसरे आले चंद्रभान, बायकोला, शोभाताईंना घेऊन.

"मोटर बंद आहे का काकाजी?"

"चालते. तिले पाणी पाजावं लागते."

"मोटर आहे का म्हैस?" शोभाताई हसल्या आणि तांब्या उचलून परसात गेल्या. मारोतराव बटनावर बोट ठेवून उभे राहिले.

"चालू करा काकाजी!" परसातून आवाज आला.

मारोतराव उभेच.

"अवो, पाणी उतरून राहिलं ना!"

"काकाजी, झोपले का?" चंद्रभाननं खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले.

"त्यांना... 'दाबा जी' म्हणायले सांगा."

चंद्रभाननं बायकोकडे जाऊन हळू आवाजात काही सांगितलं. दुसऱ्या खेपेला शोभाताई हसल्या नाहीत. "दाबा जी!" बोट आपोआप खाली गेलं आणि नळातून पाणी धो धो आलं.

"काहून बदलली नाही झडप? घंटाभराचं तर काम," चंद्रभान म्हणाला. "ती बदलून द्या, घर पक्कं."

शुक्रवारी बर्डीचा मिस्त्री येऊन नवी झडप बसवून गेला. "आता एकटा माणूसही चालवते," जाताना तो म्हणाला.

मारोतराव स्वयंपाकघरात गेले. बटनावर बोट ठेवलं. सवयीनं थोडे थांबले.

मग दाबलं. पाणी लगेच आलं.