एकच काप, दोन रंग

"मानवजात आजचा दिवस विसरणार नाही!" असं डॉक्टर कादिरकुल यांनी जाहीर केलं, आणि द्रावणं तापवायची उष्णपेटी बंद पडली.

बिश्केकपासून दीड दिवसावरच्या आमच्या इस्पितळात ही काही बातमी नव्हे. पण त्या दिवशी काचेवर ऐनागुल या रुग्णाच्या फुफ्फुसाचा शेवटचा काप होता. मसुराएवढा तुकडा कापून कापून संपला होता. नवा काढायचा तर ती टेबलावरच गेली असती. क्षय असेल तर एक औषध, बुरशी असेल तर दुसरं, आणि चुकीचं दिलं तरी ती जाणारच. क्षयाचे जंतू लाल रंगात दिसतात, बुरशीचे धागे चांदीच्या द्रावणात काळे. आता दोन्ही रंग त्याच कापावर चढवायचे.

"आधी लाल, मग काळं," डॉक्टर म्हणाले.

"बायके, काळ्याच्या आधी तेजाब लागतं. लाल धुऊन जाईल." डॉक्टरांना 'बायके', म्हणजे दादा, म्हणणाऱ्या सायराकान एजेंची, आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंची, बोटं तीस वर्षं या रंगांत बुडालेली; त्यांची नखं बघून गावात कुठली साथ चालू आहे ते कळायचं.

"मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, सायराकान."

आमच्यात मोठ्यांना उलट बोलत नाहीत. "बरं, बायके," म्हणत एजेंनी आधी काळं सुरू केलं.

पण चांदीला ऊब हवी. बाहेर ऐनागुलचा नवरा जोलचुबेक तिच्यासाठी आणलेला थर्मास कवटाळून बसला होता. एजेंनी तो न विचारता उचलला. दूध-मिठाचा वाफाळता चहा घमेल्यात आणि चांदीची बरणी त्या चहात. बरणीत ऐनागुलच्या काचेसोबत जुन्या बुरशीची एक काचही, ताळा म्हणून.

"काचेवरून काप सुटून आला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला तुम्ही सांगायचं. मोठे आहात ना."

काळं झालं, मग लाल. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते उठेचनात.

"काळं कुठेच नाही. चहा थंड पडला असेल!"

"सोबत बुडवलेल्या जुन्या बुरशीच्या काचेवर चढलंय. म्हणजे हिच्यात बुरशी नाही. लाल बघा."

डॉक्टर काच सरकवत राहिले. एजेंनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"एक लाल काडी... दोन. तीन! क्षय!" डॉक्टर ताठ झाले. "बघितलंस? आधी लाल म्हणालो होतो!"

"हो, बायके."

डॉक्टरांनी बाहेर येऊन विज्ञानावर भाषण केलं. जोलचुबेकने ते टोपी हातात धरून ऐकलं.

"म्हणजे औषध आहे?"

"आहे."

त्याने बाहीने डोळे पुसले, आणि हळूच एजेंकडे वळला.

"एजे, चहा गेला तो गेला. थर्मासचं बूच तेवढं शोधून द्या. घरी परतताना वाटेत तिला लागेल."